पाच हजार नंबरची ओळ

मशीनने माणसाची माफी मागायला हवी, असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तोही सिल्वासात, जिथे त्या काळी माणूससुद्धा माणसाची माफी मागत नव्हता.

परवा त्यांची आठवण निघाली ती माझ्या पुतणीमुळे. ती कॉलेजात पायथन शिकते. मला म्हणाली, “काकू, तू पण पूर्वी कॉम्प्युटरवर होतीस ना? बघ तरी माझा पहिला प्रोग्रॅम.” बसले चष्मा लावून. प्रोग्रॅमने वय विचारलं, मी मुद्दाम अक्षरात ‘साठ’ टाकलं. झालं! इंग्रजीतल्या पाच-सहा ओळी धाडकन अंगावर आल्या. मी म्हटलं, “अगं, हे काय? मी काय दरोडा घातला का?” ती म्हणाली, “तू चुकीचं टाकलंस ना, काकू.” मी म्हटलं, “मी नाही चुकले. तू विचारलंस कसं ते बघ आधी.” बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं. ते वाक्य माझं नव्हतं. मोकाशी साहेबांचं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही अमळनेरकडून गुजरातच्या वेशीवर, सिल्वासाला आलो. नवऱ्याला राखोलीच्या एका कारखान्यात फिटरचं काम मिळालं आणि मला, टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या म्हणून, सूत करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात. सूत म्हणजे कापसाचं नव्हे हं, ते नायलॉनचं, चमकणारं. मालक मुंबईचे, साहेब पुण्या-नाशिकचे, कारकून गुजराती, मशीनवर आमचे खानदेशी आणि बिहारी, आणि झाडलोट, ओझी उचलणं ही कामं इथल्याच वारली माणसांची. एका वाक्यात तीन भाषा यायच्या आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

ऑफिसच्या टोकाला कॉम्प्युटरची खोली होती. आत गारठा. बाहेर चपला काढून जायचं, देवळात जातात तसं. त्या खोलीचे साहेब मोकाशी. उंच, जरा वाकलेले, आणि भर मे महिन्यात अंगात बिनबाह्यांचा हिरवा स्वेटर. बाहेर लोक घामाने निथळतायत आणि हे स्वेटर घालून पाणी प्यायला बाहेर येतायत, असं दृश्य असायचं. आत जाताना दारावर टकटक करायचे. खोली रिकामी असली तरी. मी एकदा म्हटलं, “साहेब, आत तर कोणी नाही!” तर म्हणाले, “असलं तर?”

चहा सांगितला तरी यांची तऱ्हा वेगळी. समोरच्याला विचारायचे, “साखर किती? शून्य ते तीन चमचे.” कुणी थट्टेने “पाच” म्हणालं की न हसता म्हणायचे, “माफ करा, शून्य ते तीन. साखर किती?” सूर तोच, शब्द तेच. कपाळावर आठी नाही, आवाज चढलेला नाही. शेवटी समोरचाच शरमून “दोन” म्हणायचा.

आणि खोटं बोलता यायचं नाही त्यांना. मोठं खोटं सोडा हो, आपण रोज सहज बोलतो ते पण नाही. “बरे आहात ना?” असं विचारलं की आपण काय करतो? हो म्हणतो आणि पुढे जातो. हे थांबायचे, विचार करायचे आणि सांगायचे, “डोकं दुखतंय कालपासून.” त्यांचा जेवणाचा डबा एका मावशींच्या खानावळीतून यायचा. चार खणांचा. किती वेळा तो तसाच परत जायचा! मी दुपारी विचारायची, “साहेब, जेवलात का?” “नाही.” “का?” “विसरलो.” मला राग यायचा. बाईमाणूस विचारतेय तर निदान ‘हो’ म्हणून तिचं समाधान करावं की नाही? पण नाही. “जेवलो असतो तर हो म्हटलं असतं, पाटीलबाई.”

आता ती पाच हजार नंबरची ओळ.

माझा कॉम्प्युटरवरचा पहिला दिवस. कामगारांची माहिती भरायची होती. नाव, गाव, वय, खातं. समोरच्या कागदावर लिहिलेलं ‘२५ वर्षे’, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत इमानदारीत टाकलं, पंचवीस वर्षे. ‘वर्षे’सकट. मशीन म्हणालं, रीडू फ्रॉम स्टार्ट. एवढं इंग्रजी मला येत होतं. पहिल्यापासून कर म्हणतंय तर पहिल्यापासून करू, म्हणून मी परत नाव टाकलं. मशीन तर वयासाठीच अडून बसलेलं. परत रीडू फ्रॉम स्टार्ट. मी परत नाव टाकलं. अशी सकाळ गेली. शेवटी खुर्ची मागे ढकलून मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, “साहेब, हे मशीन काही मला नांदवायचं नाही. मी आपली टाइपरायटरवर बरी.”

ते उठून आले. पडद्याकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “माफ करा, पाटीलबाई. चूक माझी आहे.” मला वाटलं टोमणा मारतायत. पण चेहरा इतका पडलेला की माझाच राग उतरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून नवीन काम दाखवलं. तेव्हा आमच्याकडे बेसिक नावाची भाषा होती. तिच्यात प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला नंबर असायचा. साहेबांनी पाच हजार नंबरपासून एक छोटा तुकडा लिहिला होता. त्याचं काम एकच, विचारणं. काय विचारायचं ते त्याला द्यायचं, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती चालेल ते द्यायचं, आणि सांगायचं, पाच हजारावर जा. तो तुकडा प्रश्न विचारणार, आलेलं उत्तर आकडा असो की अक्षर, आधी गुपचूप ऐकून घेणार, आजूबाजूची रिकामी जागा झटकणार, मग तपासणार. बरोबर असेल तर उत्तर घेऊन परत येणार. नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत हिंदी यायचं, ‘माफ कीजिए, उम्र सिर्फ अंकों में लिखिए, १८ से ५८ तक’. आणि परत तोच प्रश्न. वय असो, कामाची पाळी असो, खात्याचा नंबर असो, सगळे प्रश्न त्याच एका तुकड्यातून जायचे. “एकदा नीट लिहायचं,” साहेब म्हणाले, “मग दहा ठिकाणांहून बोलवायचं. दहा ठिकाणी दहादा लिहिलं की एका ठिकाणी तरी आपण उर्मट होतो.”

आमचे मॅनेजर दातार साहेब. पुण्याचे, कडक इस्त्रीचे. त्यांनी ते ‘माफ कीजिए’ पाहिलं आणि भडकले. “मोकाशी, अहो, चूक कामगाराची, कारकुनाची, आणि कंपनीचं मशीन माफी मागतंय? काढा ते.”

“विचारतंय कोण, साहेब?” मोकाशी म्हणाले.

“मशीन.”

“मग समोरच्याला कळेल असं विचारायची जबाबदारी त्याची. नाही कळलं तर माफी पण त्यानेच मागायची.”

काढलं नाही मोकाश्यांनी. ऑफिसात मात्र ती म्हणच पडून गेली. कुणी तिरकं उत्तर दिलं की दुसरा म्हणायचा, “चल, पाच हजारावर जा.”

रविवारी सकाळी ते आम्हा दोघातिघांना फुकट शिकवायचे. मी, हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचे भगुभाई, आणि कधी स्टोअरमधलं कुणी. भगुभाई वलसाडचे, गोल, हसरे, खिशात कायम बडीशेप. शिकवताना साहेबांना एका गोष्टीची चीड होती, गोटूची. बेसिकमध्ये गोटू म्हटलं की प्रोग्रॅम उडी मारून दुसऱ्या ओळीवर जातो, तो गेलाच. आणि गोसब म्हटलं की जातो, काम करतो आणि जिथून निघाला तिथे परत येतो. साहेब म्हणायचे, “जाताना परतीची जागा लक्षात ठेवून जायचं. एवढं जमलं की बाकी प्रोग्रॅमिंग सोपं आहे.” भगुभाई मला हळूच म्हणाले, “बेन, आ साहेब प्रोग्रामनी वात करे छे के घरनी?” प्रोग्रॅमचं बोलतायत की घरचं, असं. मी त्यांना गप्प केलं. पण प्रश्न बरोबर होता.

कारण घर नव्हतंच. म्हणजे कंपनीचं क्वार्टर होतं, आमच्यापासून दोन चाळी सोडून. बायको सुरुवातीला आली होती, छोट्या मुलीला घेऊन. काही महिने राहिली. मग माहेरी गेली, नाशिकला, भावाकडे, ती तिथेच राहिली. भांडण नाही, कोर्ट नाही. मी एकदा धीर करून विचारलं, “साहेब, काय झालं होतं हो?” त्यांनी नेहमीसारखा विचार केला आणि नेहमीसारखं खरं सांगितलं. “ती मला विचारायची, इथून परत जायचं का आपण? मी म्हणायचो, बघू. ती परत विचारायची. मी परत बघू. एक दिवस तिने विचारणं बंद केलं.” आणि म्हणाले, “बघू हे उत्तरच नाही, पाटीलबाई. ते हो पण नाही आणि नाही पण नाही.”

माय वं!

सिल्वासात एकट्या पुरुषाला दोनच गोष्टी करायला असायच्या. एक दारू, जी तिथे पाण्यासारखी मिळायची आणि जिच्यासाठी दारूबंदीच्या गुजरातेतून गाड्या भरभरून लोक यायचे. दुसरी, झोप. साहेब पीत नव्हते आणि झोप त्यांना येत नव्हती. संध्याकाळी दमणगंगेच्या पुलावर जाऊन उभे राहायचे. माझा नवरा राखोलीहून सायकलवर येताना त्यांना बघायचा. म्हणायचा, “तुझे साहेब आज पण पाणी मोजत होते.” मला हसू यायचं नाही. माणसाने माणसाशिवाय इतकं राहू नये. मला राग यायचा त्यांच्या बायकोचा, मग त्यांचा, मग असं वाटायचं की आपण कोण राग करणाऱ्या.

त्यांचा सगळा जीव मुलीत, रेवतीत. दर रविवारी आमचा क्लास झाला की मावशींकडून डबा घ्यायचा आणि बाजारातल्या एसटीडी बूथवर जायचं. रविवारी फोन स्वस्त पडायचा म्हणून तिथे ही गर्दी. काचेची ती खोली, तिचं दार कधी नीट लागायचंच नाही, त्यामुळे रांगेतल्या सगळ्यांना सगळ्यांची सुखदुःखं ऐकू यायची. मी पण त्याच रांगेत, अमळनेरला आईशी बोलायला. म्हणून मला ठाऊक आहे की मोकाशी साहेब दर सुट्टीच्या आधी मुलीला एकच प्रश्न विचारायचे. “रेवती, या सुट्टीत इकडे येशील का?” पलीकडून काय आलं ते त्यांच्या मानेवरून कळायचं. मग ते परत विचारायचे, तोच सूर, तेच शब्द. “येशील का?” दिवाळीच्या आधी, मेच्या आधी. वर्षामागून वर्ष. बाहेर आले की मला सांगायचे, “बघू म्हणाली.”

“मग राहू द्या ना थोडे दिवस,” मी म्हणायची.

“नाही. नीट उत्तर येईपर्यंत विचारायचं. विचारणाऱ्याने कंटाळायचं नाही.”

आणि एका एप्रिलात त्या काचेच्या खोलीतून साहेब असे बाहेर आले की रांगेतली अनोळखी माणसं पण हसली. “पाटीलबाई, हो म्हणाली! येते म्हणाली!”

पुढचे दिवस विचारू नका. हा माणूस, ज्याच्या घरात दुसऱ्या माणसाला बसायला खुर्ची नव्हती, तो मला घेऊन बाजारात फिरला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला काय लागतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? मी म्हटलं, “आरसा. मोठा.” त्यांच्याकडे दाढीचा तेवढा होता. मग आरसा आला, मच्छरदाणी आली, पडदे आले. पडदे मी शिवले. खानवेलला जंगल दाखवायला न्यायचं म्हणून एका ड्रायव्हरशी बोलून ठेवलं. आणि मशीनवर तिच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम करून ठेवला, शिकायला सोपा. तो तिला नाव विचारणार, इयत्ता विचारणार, आणि शेवटी विचारणार, ‘किती दिवस राहणार? १ ते ३०’. तो प्रश्न पण पाच हजारावरूनच जायचा. शून्य टाकलं तर घ्यायचं नाही.

ठरलेल्या दिवशी मामा तिला पेठच्या घाटाने एसटीतून आणणार, असं तिनेच फोनवर सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याने साहेबांना सिल्वासाच्या स्टँडवर सकाळी पाहिलं, इस्त्रीच्या शर्टात. दुपारी तो काही आणायला बाजारात गेला तेव्हा पण तिथेच. नाशिककडची गाडी आली की उठायचे, सगळी माणसं उतरेपर्यंत दाराशी थांबायचे, परत बाकावर. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, “जा हो, घेऊन या त्यांना.” तो गेला तर ते म्हणाले, “अजून एक गाडी आहे.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी विचारलं, “आली नाही?”

“नाही.”

“काय झालं?”

“फोन केला होता. तिची आई म्हणाली, येणार होती हे घरात कुणाला माहीतच नव्हतं.” एवढं बोलून ते दारावर टकटक करून आत गेले. आत कोणी नव्हतं.

मला त्या पोरीचा इतका राग आला! यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. बापाला असं स्टँडवर बसवायचं? साहेब मात्र रागावले नाहीत. त्यांना कळतच नव्हतं. “हो म्हणाली होती,” एवढंच म्हणायचे. त्यांना खरंच उलगडा होत नव्हता की उत्तर बरोबर आलं, मग चुकलं कुठे.

तो उलगडा झाला तो एका धावण्याच्या शर्यतीमुळे, सांगून खरं वाटणार नाही.

कंपनीचा वार्षिक दिन होता. दातार साहेबांना खेळ घ्यायचे होते. म्हणाले, “तिशीच्या आतल्या कामगारांची यादी काढा मशीनवरून.” मी काढली. बोर्डावर लागली. थोड्याच वेळात बाहेर हसण्याचा गलका. शर्यतीत जमनीबाईचं नाव! जमनीबाई म्हणजे आमच्याकडे झाडलोट करणारी वारली म्हातारी, खानवेलच्या आतल्या पाड्यावरची. केस पांढरेशुभ्र, कंबर वाकलेली. कॉम्प्युटर खोलीबाहेरच्या चपला ती रोज जोडीने लावून ठेवायची. मशीनच्या हिशेबाने तिचं वय पंचवीस. तिचा मुलगा आमच्याकडेच हमाल, त्याचं पण पंचवीस. किलवणीकडचे सगळे पंचवीस वर्षांचे, खानवेलकडचे पण. सगळा पाडाच्या पाडा पंचविशीचा!

दातार लालबुंद. भगुभाईंना बोलावलं, कारण गेटवर घेतलेल्या झाडलोट-हमालीच्या माणसांची माहिती त्यांनी भरली होती. भगुभाई हात जोडून म्हणाले, “शुं करुं, साहेब? आ लोकोने उंमर खबर ज नथी. खाली राखुं तो मशीन छोडतुं नथी. ‘माफ कीजिए, माफ कीजिए’ कर्या करे. पच्चीस नाखुं, तो जवा दे छे.” वय कुणाला माहीतच नाही, जागा रिकामी ठेवली तर मशीन सोडत नाही, पंचवीस टाकलं की जाऊ देतं.

सगळे हसले. मी पण हसले. साहेब हसले नाहीत. ते बाहेर जमनीबाईपाशी गेले, तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, “बाई, तुमचं वय किती?”

तिने झाडू खाली ठेवला. “माना नाय ठाव, साहेब.”

सवयीने त्यांच्या तोंडून परत गेलं, “अंदाजे? वय किती?”

म्हातारी हसली. या साहेबाला नाराज करायचं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. म्हणाली, “तुमाला किती पायजे? तां लिवा.”

ते तसेच बसून राहिले. मी जवळ गेले. मला वाटलं पायात गोळा आला असेल. तर वर बघून म्हणाले, “पाटीलबाई, रेवतीने पंचवीस टाकलं हो.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

“मी तिला दुसरं उत्तरच ठेवलं नव्हतं,” ते म्हणाले. “वर्षानुवर्षं तोच प्रश्न. नाही म्हटलं तर बापाला लागेल. बघू म्हटलं तर बाप परत विचारणार. मग काय करेल पोर? सुटका करून घेतली.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. जमनीबाईने काही न समजता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या आठवड्यात पाच हजारावरची ओळ बदलली. आता कुणी काही न टाकता नुसतं एन्टर दाबलं तर मशीन अडायचं नाही. पडद्यावर यायचं, ‘कोई बात नहीं’. ती जागा रिकामी ठेवून पुढे जायचं. एकाच ठिकाणी बदललं, आणि जिथे जिथे प्रश्न होता तिथे बदललं. दातार म्हणाले, “अर्धी माहिती रिकामी राहील अशाने!” साहेब म्हणाले, “राहू दे. रिकामी आहे हे तरी खरं असेल.” जमनीबाईच्या वयाची जागा त्यांनी स्वतः रिकामी केली.

फोन बंद झाला नाही. दर रविवारी डबा घेऊन ते बूथवर यायचेच. पण प्रश्न गेला. येशील का गेलं, अभ्यास कसा चाललाय गेलं, काहीच विचारायचे नाहीत. नुसतं सांगायचे. पुलाखाली पाणी किती आहे, ऑफिसात नवीन प्रिंटर आला तो किती खडखडतो, जमनीबाईला नातू झाला. मग सांगण्यासारखं संपायचं. रिसीव्हर कानाला लावून ते नुसते उभे, पलीकडे ती पण बहुतेक नुसती, आणि मीटरचे लाल आकडे पळतायत. मागचे लोक कुरकुरायचे, “चलो भाई, बात खतम हुई तो छोडो!” मी वळून अशी बघायची की गप्प व्हायचे. घरी येऊन मी उगाच पोरांना जवळ घ्यायची.

असं बरंच चाललं. रेवती दहावी झाली, कॉलेजात गेली. आरशावर साहेबांनी एक पंचा टाकून ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. पुढे नव्वदचं दशक सरता सरता माझ्या नवऱ्याला जळगावात काम मिळालं आणि आम्ही सिल्वासा सोडलं. त्यानंतर साहेबांची माझी भेट नाही. रेवती कधी तिथे आली का, त्या आरशात तिने स्वतःला पाहिलं का, मला माहीत नाही. कुणी विचारलं तर मी नुसतं एन्टर दाबते.

पण निघायच्या आधीचा शेवटचा रविवार सांगते. पाऊस उघडला होता. मी अमळनेरला कळवायला बूथवर गेले की आम्ही येतोय. आत साहेब होते. समोरच्या फळीवर चार खणांचा डबा, वरची कडी लावलेली. ते सांगत होते, “सागाला फुलोरा आलाय बघ. खानवेलच्या रस्त्याला सगळीकडे पांढरं पांढरं दिसतं.” मग संपलं बोलणं. नेहमीची शांतता. मी मीटरकडे बघत उभी.

एकदम साहेब ताठ झाले. इतक्या वर्षांत त्यांची पाठ इतकी सरळ मी पाहिली नव्हती.

“काय?” ते म्हणाले. मग थांबले. थांबले तरी किती! आणि म्हणाले, “हो. हो, जेवलो ना. आत्ताच जेवलो.”

मी डब्याकडे बघितलं. कडी उघडलेलीच नव्हती, डबा भरलेला होता.

ते बाहेर आले. कान लाल झाले होते. मला म्हणाले, “पाटीलबाई, आज तिने विचारलं.”

“काय?”

“बाबा, जेवलात का, म्हणाली.”

“आणि तुम्ही तिला खोटं सांगितलंत, साहेब!” माझ्या तोंडून निघून गेलं. “मी इतकी वर्षं विचारतेय, मला कधी हो म्हणाला नाहीत!”

“तिला काळजी वाटली असती,” ते म्हणाले. आणि काहीतरी चुकल्यासारखे डब्याकडे बघायला लागले. मग बूथबाहेरच्या बाकावर बसले, बाजाराच्या भर रस्त्यावर. डब्याची कडी काढली, चारही खण शेजारी मांडले आणि घाईघाईने जेवायला लागले. माझा नंबर आला म्हणून मी आत गेले. आईशी बोलून बाहेर आले तोवर पोळ्या संपल्या होत्या, भाजी संपली होती, आणि साहेब आमटीच्या खणात उरलेला भात कालवत होते.